अल्ब्युमिनचे नॅनोपार्टिकल्स रात्रीत खाली बसतायत? फॉर्म्युला बदलायच्या आधी हे तपासा

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन, पाण्यात न विरघळणारं औषध त्याच्या अतिसूक्ष्म कणांत (नॅनोपार्टिकल्समधे) भरायचं, असा हा प्रयोग. आधी लक्षणं सांगते, तुमचं यातलं काय जुळतंय ते बघा.

– संध्याकाळी बॅच झाली तेव्हा मस्त दुधाळ, उजेडात धरली की निळसर झाक मारणारी. सकाळी फ्रीज उघडला तर व्हायलच्या तळाला पांढरा साका आणि वर जवळजवळ नितळ पाणी.
– डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं मशीन) काल १४०-१५० नॅनोमीटर होतं, आज ४०० च्या पुढे किंवा सरळ दोन पीक, पीडीआय (कणांचे आकार किती वेगवेगळे आहेत त्याचा आकडा) ०.१५ वरून ०.५ वर.
– ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून थोडंसं गेलं की सिरिंज दाबलीच जात नाही.
– रोटाव्हॅपवर (व्हॅक्यूमखाली सॉल्व्हंट उडवणारं यंत्र) फेस येतो आणि फेस बसला की फ्लास्कच्या भिंतीला चिकट पापुद्रे राहतात.
– एंट्रॅपमेंट (घातलेल्यातलं किती औषध कणात गेलं) ९८ टक्के दिसतं पण रिलीज स्टडीत औषध बाहेरच येत नाही.
– लायो (गोठवून व्हॅक्यूममधे सुकवणं) केल्यावर केक देखणा असतो, पाणी घातलं की कण आणि धागे तरंगायला लागतात.

मी पॅक्लिटॅक्सेल या कॅन्सरच्या औषधावर काम करते आणि आमच्या लॅबमधे एम फार्मचं कोणीही हातात असली व्हायल धरून आलं की ती माझ्याकडेच येते, त्यामुळे ही तक्रार पुन्हा पुन्हा बघत आलेय. डोसेटॅक्सेल, करक्युमिन असली पाण्यात न विरघळणारी दुसरी औषधं असली तरी खाली लिहिलेलं बरंचसं तसंच लागू पडतं.

ही सगळी खटपट कशासाठी ते थोडक्यात. पॅक्लिटॅक्सेल एक मिली पाण्यात एक मायक्रोग्रॅमसुद्धा धड विरघळत नाही. म्हणून जुन्या इंजेक्शनमधे ते क्रेमोफोर ईएल (औषध विरघळवून ठेवणारं द्रव्य) आणि इथेनॉलमधे दिलं जायचं, अजूनही दिलं जातं, आणि त्या क्रेमोफोरमुळे पेशंटला ॲलर्जीची रिॲक्शन येऊ शकते म्हणून आधी स्टिरॉइड आणि अँटीहिस्टामिन द्यावं लागतं. अल्ब्युमिनचं आवरण दिलं की क्रेमोफोर लागतच नाही. ॲब्राक्झेन या अल्ब्युमिनवाल्या पॅक्लिटॅक्सेलला २००५ मधे अमेरिकेच्या एफडीएने ब्रेस्ट कॅन्सरसाठी मान्यता दिली ती याच जोरावर, त्यातले कण साधारण १३० नॅनोमीटरचे. म्हणजे ही गोष्ट होणारी आहे, आणि तुमची बॅच बसली तर बहुतेक वेळा कारण सापडणारं असतं.

आता मुद्द्याचं. साका दिसला की सगळे एकदम पॉलिमर बदलू, सरफॅक्टंट घालू, अल्ब्युमिन दुप्पट करू असं सुरू करतात. थांबा जरा. आधी एकच गोष्ट ठरवायची, प्रोटीनच्या गुठळ्या होतायत का औषध कणातून बाहेर पडून त्याचे स्फटिक होतायत. हे दोन वेगळे आजार आहेत, बाहेरून दिसतात सारखे पण उपाय उलटसुलट आहेत, त्यामुळे हे न ठरवता केलेला प्रत्येक बदल अंधारात केलेला असतो.

१. बिनखर्चाची तपासणी: मायक्रोस्कोप आणि रिकामी बॅच

तळाचा साका ड्रॉपरने उचला, स्लाइडवर एक थेंब, कव्हरस्लिप, आणि साध्या मायक्रोस्कोपवर ४० च्या लेन्सखाली बघा. पॅक्लिटॅक्सेल बाहेर पडलं असेल तर लांब बारीक सुया दिसतात, बऱ्याचदा एका बिंदूतून चौफेर निघालेल्या झुबक्यात, आणि पोलरायझर असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर त्या चमकतात. प्रोटीन असेल तर आकार नसलेले ढगाळ पुंजके किंवा चुरगळलेल्या पडद्यासारखे पापुद्रे दिसतात आणि ते चमकत नाहीत. दोन्ही दिसले तर दोन्ही आजार आहेत, पण सुरुवात सुयांपासून करा, कारण स्फटिकांभोवती प्रोटीन नंतर चिकटू शकतं.

याच्या जोडीला प्रत्येक वेळी औषध न घातलेली एक बॅच शेजारी करत जा. तेच सॉल्व्हंट, तोच प्रोब (अल्ट्रासाउंडने कण बारीक करणारी सळई), तोच वेळ, फक्त औषध नाही. ही रिकामी बॅचही बसली तर औषधाला दोष देऊ नका, गडबड प्रोटीन, पीएच किंवा उष्णतेत आहे. रिकामी बॅच आठवडाभर टुणटुणीत आणि औषधवाली रात्रीत बसली तर लोडिंग (औषध किती घातलंय) आणि सॉल्व्हंटकडे वळा. औषध महाग म्हणून लोक औषधवालीच बॅच पुन्हा पुन्हा करतात आणि रिकामी करायचा कंटाळा करतात, खरं तर पैसे तिथेच वाचतात.

२. मोजण्यात चूक आहे का

कण ठीक आणि डीएलएसचा आकडा खोटा असं सर्रास होतं. छोट्या कणांवरून विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या कणापेक्षा दहा लाख पट जास्त प्रकाश टाकतो. त्यामुळे क्युव्हेटमधे धूळ असेल, बुडबुडा असेल, काठावर बोटाचा ठसा असेल तर तेवढंच मशीनला दिसतं आणि तुमचे चांगले कण त्याखाली गडप होतात. क्युव्हेट गाळलेल्या पाण्याने धुवा, पातळ करायचं पाणीही ०.२२ मधून गाळून घ्या, सॅम्पल फ्रीजमधून काढून लगेच लावू नका, तापमान स्थिर होऊ द्या. आणि नुसता झेड-ॲव्हरेज (डीएलएसने दिलेला सरासरी आकार) वहीत उतरवून उठू नका, कोरिलोग्राम (ज्यावरून मशीन आकार काढतं तो आलेख) उघडून बघा, त्याची शेपटी खाली सपाट येत नसेल तर मोठं काहीतरी तरंगतंय. पीडीआय ०.५ च्या वर असेल तर झेड-ॲव्हरेजवर विसंबायचंच नाही.

७-८ नॅनोमीटरला एक छोटं पीक दिसलं तर घाबरू नका, ते कणाला न चिकटलेलं मोकळं अल्ब्युमिन आहे. पण पातळ केल्यावर मोठं पीक गायब होऊन फक्त तेच उरलं तर कण विरघळले. ग्लुटरल्डिहाइडने क्रॉसलिंक न केलेले (या रसायनाने प्रोटीन एकमेकांना बांधून घट्ट न केलेले) कण खूप पातळ केले की सुटतात, तो त्यांचा स्वभावच आहे, शरीरातही त्यांनी तसंच सुटायचं असतं. अशा वेळी कमी पातळ करून मोजा.

झीटाबद्दल (कणांवरच्या विद्युतभाराचा अंदाज देणारा आकडा) एवढंच की पीबीएसमधे (मीठ असलेलं फॉस्फेट बफर) मोजलेला झीटा आणि पाण्यात मोजलेला झीटा शेजारी ठेवून तुलना करू नका, मिठाने आकडा पडतोच. अधिक-उणे ३० मिलिव्होल्ट हा नियम नुसत्या विद्युतभारावर उभ्या असलेल्या कणांचा, अल्ब्युमिनचा थर जाडीनेही कणांना लांब ठेवतो, त्यामुळे उणे १५-२० ला पण बॅच टिकते. पुस्तकातला आकडा गाठायला म्हणून फॉर्म्युला बिघडवू नका.

३. पीएच

माझ्या अनुभवात प्रोटीनच्या गुठळ्यांचं पहिल्या नंबरचं कारण हेच. बीएसएचा (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) आयसोइलेक्ट्रिक पॉइंट साधारण ४.७. त्या पीएचला रेणूवरचा एकूण भार शून्य होतो, कण एकमेकांना ढकलत नाहीत आणि जवळ आले की चिकटतात. ५.५ च्या खाली आलात की धोका सुरू झालाच म्हणून समजा.

पीएच मीटर आज कॅलिब्रेट केलाय का, बफर बाटलीतून ताजं ओतलंय का महिनाभर बीकरमधे उघडं पडलंय, इलेक्ट्रोड कोरडा पडलाय का, हे आधी बघा. आणि पीएच इथेनॉल घालायच्या आधी मोजा, इथेनॉल गेल्यावर मीटर जे दाखवतो ते पाण्यातल्या पीएचशी जुळत नाही. डिसॉल्व्हेशन (इथेनॉल घालून द्रावणातल्या अल्ब्युमिनचे कण पाडणं) करत असाल तर अल्ब्युमिनचं द्रावण ८ ते ९ वर आणून मग इथेनॉल थेंब थेंब, मिनिटाला साधारण एक मिली, ढवळत. ७ च्या आसपास केलं तर कण मोठे येतात आणि एका बॅचचं दुसरीशी जुळत नाही. करक्युमिनवाल्यांनी मात्र इथे सावध राहा, ते अल्कलीत टिकत नाही, औषधच मोडतं, तेव्हा वेळ कमी ठेवा आणि लगेच पीएच खाली ७ वर आणा. खाली आणतानाही ॲसिडचा जाड थेंब एका जागी टाकू नका, त्या जागी क्षणभर पीएच ४ होतो आणि तिथेच गुठळी जन्माला येते. पातळ ॲसिड, जोरात ढवळणं, कडेने.

४. अल्ब्युमिनची बाटली

बाटलीवरचं लेबल वाचा. फ्रॅक्शन फाइव्ह (अल्ब्युमिनचा नेहमीचा शुद्ध केलेला ग्रेड) आहे का, फॅटी ॲसिड काढलेलं आहे का, लॉट नंबर मागच्या चांगल्या बॅचचाच आहे का. ही गोष्ट फालतू वाटते पण फॅटी ॲसिड ज्या जागांवर बसतात त्यातल्या काही जागा औषधालाही हव्या असतात. हॉस्पिटलचं ह्युमन अल्ब्युमिन इन्फ्युजन वापरत असाल तर त्यात स्टॅबिलायझर म्हणून सोडियम कॅप्रिलेट आणि एन-ॲसिटिल ट्रिप्टोफॅन घातलेलं असतं, ते बीएसए पावडरसारखं वागेल ही अपेक्षा ठेवू नका. फ्रीजमधून काढून गार बाटली लगेच उघडली की हवेतली वाफ आत जाते आणि पावडर डिखळं धरते, आधी रूम टेंपरेचरला येऊ द्या. विरघळवताना पावडर पाण्यावर पसरून गप्प बसू द्यायचं, व्होर्टेक्सवर (जोरात हलवणारं यंत्र) धरायचं नाही. फेस म्हणजे हवेच्या सीमेवर उलगडलेलं प्रोटीन, ते परत घडीत जात नाही, तेच पुढे फिल्टर तुंबवतं. द्रावण बॅचच्या आधी ०.२२ मधून गाळा, जर इथेच फिल्टर जड जायला लागला तर पुढे जाऊच नका.

५. प्रोब आणि उष्णता

अल्ब्युमिन ६० अंशाच्या आसपास उलगडायला लागतं आणि प्रोबच्या टोकाशी तापमान बीकरपेक्षा खूप वर असतं. नुसते बर्फाचे खडे भोवती ठेवून भागत नाही, खड्यांच्या मधे हवा असते, बर्फात पाणी घालून त्यात बीकर बुडवा. काही सेकंद चालू काही सेकंद बंद असं चालवा आणि संपल्या संपल्या थर्मामीटर घालून आकडा लिहून ठेवा. प्रोबचं टोक पृष्ठभागाजवळ असेल तर फेस, काचेला टेकलं तर काचेचा चुरा. आणि टोक एकदा भिंगाखाली बघाच, त्यावर खड्डे पडले असतील तर टायटॅनियमचे करडे कण तुमच्या बॅचमधे येतायत, साक्यात करडी रेघ दिसते ती त्याचीच. मंद सेंट्रिफ्यूजवर ते काढता येतात पण मुळात टोक बदलायला हवं.

६. उरलेलं सॉल्व्हंट

इथून पुढे सुयांच्या बाजूचं. औषध ज्यात विरघळवून घालतो ते क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन पूर्ण गेलं नसेल तर उरलेल्या थेंबांतून औषध छोट्या कणांतून मोठ्यांत सरकत राहतं, छोटे आणखी छोटे होतात, मोठे वाढतात, आणि शेवटी सुई. म्हणून बॅच संध्याकाळी चांगली आणि सकाळी बसलेली. रोटाव्हॅपला व्हॅक्यूम एकदम पूर्ण लावू नका, फेस येऊन सगळं वर चढतं, हळूहळू वाढवा, बाथ ३५ ते ४० अंश. वास गेला म्हणजे सॉल्व्हंट गेलं असं अजिबात नाही. आयसीएचच्या (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) मर्यादेप्रमाणे क्लोरोफॉर्म ६० पीपीएम आणि डायक्लोरोमिथेन ६०० पीपीएम, हे नाकाला कळत नाही, जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफीला) सॅम्पल द्यावंच लागतं. दोघांत निवड असेल तर मर्यादा दहापट सैल आणि उकळबिंदू ४० अंश म्हणून मी डायक्लोरोमिथेन घेते.

७. औषध जास्त झालंय, आणि ९८ टक्क्यांचं कोडं

ही तपासणी मला सगळ्यात कळकळीने सांगायचीय. नेहमीची पद्धत म्हणजे बॅच जोरात सेंट्रिफ्यूज करायची, वरच्या पाण्यातलं औषध मोजायचं, एकूणातून वजा केलं की एंट्रॅपमेंट. आता विचार करा, औषध पाण्यात विरघळतच नाही. कणात न गेलेलं औषध स्फटिक होऊन पेलेटबरोबरच (तळाला बसलेल्या गोळ्याबरोबर) खाली जातं, वरच्या पाण्यात काहीच सापडत नाही आणि हिशोबात ते सगळं एंट्रॅप झालेलं दिसतं. म्हणजे बॅच जितकी वाईट तितका आकडा सुंदर. असे आकडे थिसिसमधे जातात, पुढचा विद्यार्थी तेच लोडिंग धरून चालतो आणि त्याचीही बॅच रात्रीत बसते.

बरोबर पद्धत अशी: आधी मंद स्पिन द्या किंवा ०.४५ मधून गाळा, म्हणजे सुया वेगळ्या होतील आणि कण वर राहतील. मग गाळलेल्या भागातलं औषध थेट मोजा, ॲसिटोनायट्राइलने प्रोटीन पाडून, औषध सोडवून, एचपीएलसीवर (औषध वेगळं काढून मोजणारं यंत्र) २२७ नॅनोमीटरला. खाली बसलेल्या सुयाही विरघळवून मोजा. फिल्टरवर अडकलेलंही मोजा. तिन्हीची बेरीज घातलेल्या औषधाएवढी आली तरच आकड्यावर विश्वास ठेवा.

असं मोजलं की बऱ्याचदा कळतं की कणात बसतंय त्यापेक्षा खूप जास्त औषध घातलं जातंय. तेव्हा औषध निम्मं करा आणि बाकी काही हलवू नका. ॲब्राक्झेनच्या व्हायलमधे १०० मिलिग्रॅम पॅक्लिटॅक्सेलला साधारण ९०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन असतं, एकास नऊ. एकास दोनच्या हट्टाने सुरुवात करू नका.

ग्लुटरल्डिहाइडबद्दल थोडक्यात: कमी पडलं तर कण पाण्यात सैल होऊन सुटतात, जास्त झालं तर एका कणाला दुसरा कण जोडला जातो आणि औषध आत अडकून बसतं. रात्रभर ठेवल्यावर ग्लायसिनने उरलेलं बंद करा, नाहीतर फ्रीजमधेही जोडणी चालूच राहते.

८. लायो

केक चांगला आणि पाण्यात टाकल्यावर गुठळ्या, अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न, पीबीएसमधे फ्रीझ केलं का? उत्तर बहुतेकदा हो असतं. सोडियम फॉस्फेट बफर गोठताना त्यातलं डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं, आणि उरलेल्या न गोठलेल्या पाण्याचा पीएच घसरत ४ च्या आसपास जातो. वाटेत तो ४.७ ओलांडतो, तेही कण बर्फाच्या मधे एकमेकांवर दाबले गेलेले असताना. वर पीएचबद्दल इतकी काळजी घेतली ती इथे एका रात्रीत वाया जाते आणि वितळल्यावर पीएच पुन्हा ७.४ दाखवतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

फ्रीझ करायच्या आधी डायलिसिसने किंवा बफर बदलून मीठ आणि सोडियम फॉस्फेट काढा, पाण्यात किंवा हिस्टिडिनमधे आणा, ५ टक्क्यांच्या आसपास ट्रेहॅलोज किंवा सुक्रोज घाला. लायोफिलायझर अडवायच्या आधी नुसती फ्रीझ-थॉ टेस्ट करा, एक मिली गोठवा, वितळवा, डीएलएस लावा. इथेच आकार वाढला तर लायोला दोष नाही, गोठण्यातच बिघडतंय.

केक परत विरघळवतानाही सबुरी पाहिजे. ॲब्राक्झेनच्या लेबलवरच्या सूचना वाचण्यासारख्या आहेत, २० मिली सलाईन किमान एक मिनिट घेऊन व्हायलच्या आतल्या भिंतीवरून हळू सोडायचं, थेट केकवर नाही, मग पाच मिनिटं तसंच ठेवायचं, मग किमान दोन मिनिटं हळूवार फिरवायचं किंवा उलटसुलट करायचं, आणि फेस आलाच तर पंधरा मिनिटं थांबायचं. तेच आपल्या व्हायलला करा. सिलिकॉन ऑइल लावलेल्या सिरिंजने प्रोटीनचे धागे तयार होऊ शकतात हेही त्याच लेबलवर आहे, धागे दिसत असतील तर सिरिंज बदलून बघा.

कुठे थांबायचं

पॅक्लिटॅक्सेलची पावडर सांडली किंवा हवेत उडाली तर झाडू, ब्लोअर, पंखा काही नाही. सगळ्यांना बाहेर काढा आणि स्पिल किट वापरायचं ट्रेनिंग असलेल्या माणसाला बोलवा. ही औषधं बायोसेफ्टी कॅबिनेटमधेच वजन करायची, समोरून अंगावर हवा फेकणाऱ्या लॅमिनार फ्लोमधे कधीही नाही, आणि गरोदर असलेल्या किंवा तसं नियोजन असलेल्या मैत्रिणींनी हे काम दुसऱ्याकडे द्यावं, गाइडला संकोच न करता सांगावं. कचरा सायटोटॉक्सिक लेबल लावलेल्या पिवळ्या पिशवीत, बेसिनमधे नाही.

सेंट्रिफ्यूज थरथरायला लागला, रोटरवर ओरखडा किंवा गंज दिसला तर बंद करा आणि सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावा, बॅच गेली तरी चालेल. डीएलएसवर पॉलिस्टायरीनचे स्टँडर्ड बीड्स लावून त्यांचाच आकार चुकीचा येत असेल तरीही इंजिनिअर, तुम्ही लेझरला हात लावू नका.

आठही तपासण्या नीट करून रिकामी बॅचही बसत असेल तर प्रोटीनची घडी बिघडलीय का हे सीडी आणि डीएससी या यंत्रांवर बघायला लागतं, कणांवर आवरण खरंच आहे का ते टीईएमवर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप). हे स्वतः शिकत बसण्यापेक्षा आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या, मोठी यंत्रं असलेल्या ठिकाणी सॅम्पल पाठवा आणि पाठवायच्या आधी तिथल्या ऑपरेटरशी बोला, कारण सुकवलेल्या ग्रिडवर दिसणारे पुंजके बऱ्याचदा सुकवण्यानेच झालेले असतात. प्राण्यांवर टोचायचा विषय आला की एथिक्स कमिटीची परवानगी आणि फार्माकॉलॉजीचा माणूस, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं ताप आणणारं विष) न तपासलेली बॅच तर नाहीच.

आणि कुणी पेशंटचे नातेवाईक हे वाचत असतील आणि हॉस्पिटलच्या व्हायलमधे काही तरंगताना दिसलं असेल तर यातलं काहीही त्यावर करून बघू नका. सिस्टरना तिथल्या तिथे सांगा, ऑन्कॉलॉजी फार्मासिस्ट ती व्हायल बघून ठरवतील.

मदत मागणार असाल तर एवढं लिहून पाठवा: साक्याचा मायक्रोस्कोपचा फोटो, रिकाम्या बॅचचं काय झालं, इथेनॉलच्या आधीचा पीएच, अल्ब्युमिनचा ग्रेड आणि लॉट, प्रोबनंतरचं तापमान, औषध-अल्ब्युमिनचं प्रमाण, कोणत्या बफरमधे फ्रीझ केलं, आणि डीएलएसचा कोरिलोग्राम. नुसता झेड-ॲव्हरेजचा आकडा पाठवला तर मला पहिले हेच सगळं परत विचारावं लागतं.